विझवलेल्या चुलीचा अर्ज

आपल्यातल्या एखाद्या माणसाविषयी स्मरणिकेत लिहा, असं इथल्या, बहारीनच्या मराठी मंडळाने सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. माझं आयुष्य मुहर्रकच्या एका गॅरेजात स्पेअर पार्टच्या स्टोअरवर गेलं. लिहिण्याची सवय नाही आणि चार लोक वाचतील या कल्पनेनेच हात आखडतो. पण इंदुबाईंवर दुसऱ्या कोणी लिहिलं तर तो ते गोड करून लिहील, अशी मला भीती वाटली. म्हणून बसलो आहे.

इंदुबाई मांडवकर यांना सगळे काकू म्हणतात. वय चौसष्ट. गुदैबिया भागात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची खानावळ आहे. कागदोपत्री ती त्यांच्या मुलाची, जयेशची. आणि हमीद नावाचे एक भले बहारीनी गृहस्थ भागीदार आहेत, ते महिन्यातून एकदा मासळी खायला येतात. पण आतली चूल काकूंची. गॅसच्या चार शेगड्या आहेत, तरी त्या तिला चूलच म्हणतात. दापोली, गुहागर, चिपळूणकडची मुलं इथे जेवतात. कोणी ड्रायव्हर, कोणी वेल्डर, बरेचसे अस्करच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमच्या कामावर. काकू त्यांना वाढतात आणि बोलतातही. "काय रे, लगीन ठरलंय काय? नायतर एवढा कशाला खंगलायस?" शिफ्ट संपवून कोणी कितीही अवेळी आलं तरी "जेवण खलास" हे वाक्य मी त्या दुकानात कधी ऐकलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं ते याच सवयीमुळे झालं. काकू कोणाला उपाशी पाठवणार नाहीत, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

काकूंचे वडील तुकाराम भुवड. दाभोळच्या खाडीकाठचे. इंग्रजांच्या आरमारात जहाजावर स्वयंपाकी होते. एकोणीसशे सेहेचाळीसच्या फेब्रुवारीत मुंबईच्या नौसैनिकांनी काम बंद करून बंड पुकारलं, तेव्हा तुकारामांचं जहाज नेमकं इथे, बहारीनच्या किनाऱ्यापासून थोडं आत नांगरून पडलं होतं. बिनतारी यंत्रावर बातमी आली. जहाजावरच्या हिंदी लोकांनी ठरवलं, आपणही कामाला हात लावायचा नाही. सकाळी साहेबाने न्याहारी मागितली. तुकारामांनी समुद्राच्या पाण्याची बादली उचलली आणि कोळशाच्या चुलीवर ओतली. साहेब ओरडला, "माणसं उपाशी आहेत!" तुकाराम म्हणाले, "सगळीच आहेत."

एवढंच. गोळी नाही, तुरुंग नाही. त्यांचे बिल्ले काढून घेतले, पुढच्या बोटीने परत पाठवलं आणि 'नोकरीस नालायक' असा शेरा मारून घरी घालवलं. मग उभं आयुष्य त्यांनी दाभोळच्या धक्क्यावर लोकांसाठी चहा उकळला.

पुढे सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केलं तेव्हा गावच्या शाळामास्तरांनी तुकारामांचा अर्ज लिहून दिला. मास्तर अनुभवी होते. नियमात बसावं म्हणून त्यांनी 'सहा महिने तुरुंगवास भोगला' असं घातलं. तुकारामांनी वाचून घेतलं आणि ती ओळ स्वतः खोडली. इतकी दाबून खोडली की तिथे कागद फाटला. "काय केलंय ता लिवा. नाय केलंय ता नको," ते म्हणाले. खाली मास्तरांनी नाइलाजाने लिहिलं, 'सदर दिनांकी जहाजावरील चूल विझवली व पुन्हा पेटविण्यास नकार दिला.'

कचेरीतला कारकून हसला होता. हा प्रसंग काकूंनी मला अनेकदा सांगितलाय, कारण दहा-बारा वर्षांच्या काकू तेव्हा वडिलांचं बोट धरून तिथे उभ्या होत्या. कारकून म्हणाला, "भुवड, चूल विझवल्याबद्दल पेन्शन द्यायचं, तर गावातल्या सगळ्या बायकांना द्यावं लागेल."

"द्या की," तुकाराम म्हणाले. "त्यांनी काय कमी केलंय?"

अर्ज परत आला. वर तांबड्या शाईत, 'सदर कृत्य नियमात बसत नाही.' तुकाराम गेले तेव्हा तो अर्ज काकूंकडे आला. काकू लग्न होऊन बहारीनला आल्या तेव्हा तो त्यांच्याबरोबर आला. "बाबा इथनंच परत गेलंवतं ना, म्हणून इथंच आणला," त्या म्हणतात.

यंदा मंडळाने प्रजासत्ताक दिनाला धरून शुक्रवारी कार्यक्रम ठेवला. बहारीनमध्ये राहणाऱ्या स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांचा सत्कार. त्यासाठी आमचे अध्यक्ष विश्वजीत आणि कमिटीचे दोन-तीन जण आधीच्या रविवारी खानावळीतच चहाला बसले होते. न्याहारीची ऑर्डर द्यायची होती, पोहे, शिरा आणि चहा, दोनेकशे माणसांची. मी कोपऱ्यातल्या माझ्या टेबलावर होतो.

ऑर्डर सांगून झाल्यावर काकूंनी पदराला हात पुसले आणि अर्ज विश्वजीतपुढे ठेवला.

"माझ्या बाबांचा पण नाव घ्या."

विश्वजीत वाईट माणूस नाही. इंजिनिअर आहे, पुण्याकडचा, मंडळासाठी धावतो. त्याने अर्ज नीट वाचला. वाचताना एकदा त्याच्या ओठांचा कोपरा हलला, तो काकूंनी पाहिला.

"काकू, प्रॉब्लेम असा आहे, की पेन्शन मिळालेल्यांचीच यादी आपण केलीय. म्हणजे कोणाला शंका नको."

"मिळाला नाय म्हणूनच दाखवत्ये. मिळाला असता तर दाखवायची काय गरज व्हती?"

"पण हे... चूल विझवली. स्टेजवरून असं वाचलं तर लोक हसतील हो. बाहेरचे पाहुणे येणार आहेत." मग त्याला एक तोडगा सुचला आणि त्याचा चेहरा उजळला. "आपण असं करू. 'तुरुंगवास भोगला' एवढंच म्हणू. कोण तपासायला येतंय? तुमच्या वडिलांचा मानच होईल."

काकूंनी अर्जावर बोट ठेवलं, जिथे कागद फाटला होता तिथे.

"हा शब्द माझ्या बापाने खोडलाय. आणि तू परत लिवतोस?"

"काकू, तसं नाही..."

"मग कसा? जसा हाय तसा वाचशील काय?"

विश्वजीत बाकीच्यांकडे बघायला लागला. कोणीतरी म्हणालं, "मग यंदा राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

"बरा," काकू म्हणाल्या. अर्जाची घडी घातली. "मग माझा पण ऐका. शुक्रवारी माझी चूल पेटायची नाय. आज सांगत्ये, मागनं बोलू नका की काकूने फसवलान."

सगळे हसले. विश्वजीत उठता उठता म्हणाला, "काकू रागावल्या! चला, शुक्रवारपर्यंत उतरेल." जाताना त्याने जयेशला हळूच सांगितलं, शिऱ्यात काजू जास्त घाल.

ते गेल्यावर जयेश म्हणाला, "आई, ही माणसं रोजची आहेत. उद्या दुसरीकडे जेवायला लागली तर?"

"जाऊ देत. तिथं पण चूलच असेल, ती कोणी विझवली तर त्यांना कळेल."

जयेश टेबलावरचे कप उचलायला लागला. त्याला आई माहीत आहे.

शुक्रवारी सकाळी वारा बोचरा होता. इथल्या जानेवारीत असतो तसा, धूळ घेऊन येणारा. मी खाली उतरलो तर खानावळीचं दार उघडं, आत सगळं स्वच्छ, भांडी पालथी, शेगड्या गार. काकू दाराबाहेर फुटपाथवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. अंगात जयेशचं जॅकेट, मांडीवर अर्ज. हॉल शेजारच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे, त्यामुळे जाणारा प्रत्येक जण त्यांच्यासमोरून जाणार होता.

आठच्या सुमारास अस्करहून बस आली. रात्रपाळी करून तसेच आलेले लोक, आंघोळ करून, पण पोटात काही नाही. मंडळात न्याहारी आहे हे सगळ्यांना ठाऊक. बसचा ड्रायव्हर मुख्तार सगळ्यांच्या आधी आत डोकावला. "अम्मा, चाय?"

"आज मफी चाय." मफी म्हणजे नाही, एवढं अरबी इथे सगळ्यांच्या तोंडी असतं.

"तबीयत?"

"तबीयत अच्छी हाय. चूल बंद हाय."

मुख्तारच्या मागून क्रेन चालवणारा सदानंद आला. दणकट माणूस, काकूंकडे वीस वर्षं जेवतोय. "काकू, चेष्टा करू नकोस. मेलोय भुकेने."

"चेष्टा नाय. बस, सांगत्ये."

आणि त्यांनी सांगितलं. मोठ्याने नाही, रडून नाही, भाजीचा भाव सांगावा तसं. जहाज, बादली, साहेब, अर्ज, रविवारची मीटिंग. पुढे जो येई तो विचारी, "पोहे कुठायत?" आणि त्याला पहिल्यापासून सगळं ऐकावं लागे. थोड्या वेळाने काकूंना बोलायची गरजच उरली नाही. सदानंदच सांगायला लागला, आणि त्याच्या सांगण्यात बादलीच्या दोन बादल्या झाल्या. काकूंनी त्याला थांबवलं. "एकच व्हती. जास्त घालू नको."

विश्वजीत जिना उतरून आला. टाय सैल झालेला. "काकू, खरंच? अहो, वर दोनशे माणसं उपाशी बसलीत!"

"बाबांच्या जहाजावर साहेब पण ह्याच बोलला व्हता," काकू म्हणाल्या.

फुटपाथवरचे सगळे हसले. विश्वजीतला त्यातलं काय लागलं ते त्यालाच माहीत, पण तो लाल झाला आणि समोरच्या मलबारी चहावाल्याकडे गेला. थोड्याच वेळात कागदी कपांतून चहा आणि पुड्यांतली बिस्किटं हॉलमध्ये पोचली.

मीही वर गेलो. मागच्या ओळीत बसलो. चहाचे ट्रे फिरत होते. अस्करच्या लोकांनी कप घेतले आणि खुर्चीखाली जमिनीवर ठेवले. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. एकाने ठेवला, शेजारच्याने पाहिलं आणि ठेवला. खुर्च्यांखालचे ते कप गार होत गेले. मलाही चहाची फार तलफ होती. मी माझा कप ठेवला आणि तो चुकून लाथेने सांडू नये म्हणून सारा वेळ पाय आखडून बसलो.

सत्कार सुरू झाला. नावं वाचली जात होती, माणसं जात होती, शाल घेत होती, टाळ्या होत होत्या. त्या लोकांचं काम लहान नव्हतं आणि टाळ्या खऱ्या होत्या. शेवटचं नाव झालं. विश्वजीत म्हणाला, "यादी इथे संपते."

मधल्या ओळीतून सदानंद उभा राहिला. "तुकाराम भुवड राहिले."

"ते यादीत नाहीत, सदानंद."

"मग आमी पण नाय यादीत," सदानंद म्हणाला, पण बसला नाही. आणखी पाच-सहा जण उभे राहिले. मग बरेच. पाहुण्यांना काय चाललंय ते कळेना, ते हसऱ्या चेहऱ्याने इकडेतिकडे बघत होते.

विश्वजीतने उभ्या राहिलेल्यांकडे पाहिलं. मग माइक टेबलावर ठेवून तो हॉलबाहेर पडला. मी खिडकीपाशी गेलो. खाली तो काकूंसमोर उभा होता. त्याने हात पुढे केला. काकूंनी अर्ज लगेच दिला नाही.

"कसा वाचशील?"

"जसा आहे तसा."

"खोडलेला?"

"खोडलेलं आहे, असंही सांगतो."

तेव्हा काकूंनी कागद दिला.

वर येऊन त्याने तो माइकवर वाचला. 'सदर दिनांकी जहाजावरील चूल विझवली व पुन्हा पेटविण्यास नकार दिला.' कोणीतरी हसलं. हसलं ते खरं आहे, मी लपवणार नाही. विश्वजीत थांबला, हसणाऱ्याकडे पाहिलं आणि तीच ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाला, "इथे सहा महिने तुरुंगवास असं लिहून अर्जदाराने स्वतः खोडलेलं आहे." आणि तांबडा शेराही वाचला. टाळ्या झाल्या.

शालीसाठी काकूंना वर बोलावलं. त्या आल्या नाहीत. मी खाली गेलो तेव्हा चारही शेगड्या पेटल्या होत्या आणि काकू कांदा चिरत होत्या. विश्वजीत शाल घेऊन आला.

"काकू, सत्कार."

"हात कांद्याचे हायत. त्यांचा नाव झाला ना? मग खलास. शाल ठेव तिथं, आणि त्यांना सांग, पोहे होतायत."

छापील पत्रिकेत तुकाराम भुवडांचं नाव नाही, कारण पत्रिका आधीच छापून झाली होती. स्मरणिकेत सत्काराची यादी येईल तीही पत्रिकेवरूनच घेतलेली असेल. म्हणून हे इथे लिहिलं. संपादकांनी वाचून मला फोन केला होता. छान आहे म्हणाले, फक्त 'चूल विझवली' या जागी 'बंडात भाग घेतला' केलं तर जरा भारदस्त वाटेल. मला फोनवर बोलायचा संकोच वाटतो, म्हणून तेव्हा 'बघतो' म्हटलं. आता लिहूनच सांगतो. त्या माणसाने बहारीनच्या पाण्यात चूल विझवली. छापायचं असेल तर तसंच छापा, नाहीतर लेख परत पाठवा. मी खाली खानावळीत कोपऱ्यातल्या टेबलावर असतो.