फळ्याचा उरलेला कोपरा

माझी थोरली जाऊ पुण्याच्या विद्यापीठात शिकली आणि ही गोष्ट ती कोणाला विसरू देत नाही. दिवाळीला आमच्याकडे सातपूरला आली की फराळाच्या ताटावरच इतिहास सुरू होतो. ती दगडी इमारत कधीची, तिथे आधी कोण साहेब राहायचा, कोणत्या वडाखाली तिचा घोळका बसायचा, कॅन्टीनवाले मामा तिचा चहा न सांगता कसा आणून ठेवायचे. माझी मुलगी समोर मांडी घालून ऐकते. चकलीचा तुकडा हातातच राहतो तिचा. ती जावेला 'मोठी आई' म्हणते. आमच्यात तशी रीतच आहे, पण त्या 'मोठी'चा मला फार त्रास होतो.

यंदा मुलीची बारावी झाली आणि सुट्टीत मोठी आई तिला पुण्याला घेऊन गेली. परत आल्यावर मुलीने मोबाइलवर फोटो दाखवला. एका जुन्या बाकावर कर्कटकाने कोरलेलं जावेचं नाव. इतक्या वर्षांनी तसंच.

"आई, मी पण पुण्यालाच जाणार. आधी कॉलेज, मग मोठ्या आईचं विद्यापीठ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरगी शिकायला बाहेर जाणार याचं मला दुःख नव्हतं. ती जावेसारखी व्हायला निघाली होती, याचं होतं. शिकलेली बाई म्हटली की तिच्या डोळ्यांसमोर जाऊ यायची. शिकलेली तर मीही होते की!

पण माझ्या विद्यापीठाला इतिहास कुठला? ते माझ्यापेक्षा वयाने लहान. घरबसल्या शिकवणारं, नोकरदारांचं मुक्त विद्यापीठ. त्याची मुख्य इमारत धरणाच्या बाजूला आहे म्हणतात, मी शिकत असताना एकदाही पाहिली नाही. पुस्तकं पोस्टाने आली, पदवीही पोस्टानेच आली. पोस्टमनने सही घेतली आणि म्हणाला, "पेढे नाय का, ताई?" तेवढाच माझा पदवीदान समारंभ.

तास रविवारी व्हायचे, मुलीच्याच शाळेत, तिच्याच चौथीच्या वर्गात. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी शनिवारी, त्यामुळे वर्गातले अर्धे जण रविवारची सकाळची पाळी करून थेट यायचे, कंपनीच्या निळ्या शर्टातच. बाकं चौथीच्या पोरांची. गुडघे वर फळीला आपटायचे. एकाला डुलकी लागली की सगळं बाक हलायचं.

आणि फळा आमचा नव्हताच. शनिवारी शाळा सुटताना चौथीच्या बाई सोमवारचा अभ्यास वर्गमंत्र्याकडून फळ्यावर लिहून घ्यायच्या आणि खाली 'पुसू नये' असं बजावायच्या. आमच्या सरांना जो कोपरा उरेल त्यात शिकवायचं. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, सगळं त्या कोपऱ्यात. जाताना तेवढाच पुसायचा, बाकं सरळ करायची, खडूचे तुकडे जागेवर ठेवायचे. आम्ही आलो होतो हे सोमवारी कोणाला कळता कामा नये. अशा ठिकाणी नाव कुठे कोरणार?

मुलगी चौथीत गेली त्या वर्षी वर्गमंत्री तीच होती. पालकसभेत बाईंनी तक्रार केली होती, "वहीत छान लिहिते हो, पण फळ्यावर नुसत्या मुंग्या! मागच्या पोरांना दिसत नाही." शेजारणीच्या मुलीचं अक्षर असं टपोरं. मला तेव्हा त्या शेजारणीचाही हेवा वाटला होता. हेव्याच्या बाबतीत मी कोणाला वगळत नाही.

तर तो बाकाचा फोटो दोन दिवस माझ्या डोक्यात बसला. रविवारी मी मुलीला म्हटलं, "चल, तुला माझं विद्यापीठ दाखवते." ती हसली, पण आली.

शाळेच्या फाटकावरच्या वॉचमनने ओळखलं. "रविवारचं आता कोणी येत नाय, ताई. तुमचं सेंटर दुसरीकडं गेलं." तरी त्याने वर्ग उघडून दिला. आत पाहिलं आणि माझा चेहराच पडला. बाकं नवी, रंग नवा, आणि काळा फळा जाऊन तिथे मार्करने लिहायचा पांढरा बोर्ड आलेला. जावेचं बाक अजून जागेवर आणि माझा फळासुद्धा नाही! मला रडूच यायला लागलं, आणि रडण्यापेक्षा राग बरा म्हणून मी बोलले, "जा बाई तू पुण्यालाच. इथे दाखवण्यासारखं काही नाहीये माझं."

मुलगी बोर्डाजवळ गेली. उजवीकडचा खालचा भाग तिने तळहाताने दाखवला.

"इथे लिहायचे ना तुमचे सर?"

"तुला काय माहीत?"

"सोमवारी पुसलेलं दिसायचं. पहिल्यांदा अगदी एवढीशी जागा होती. तू घरी बाबांना म्हणालीस, सरांना लिहायला जागाच पुरत नाही, अर्धं वाक्य हवेत राहतं. मग मी बारीक लिहायला लागले."

"म्हणजे त्या मुंग्या?"

"बाई ओरडायच्या, मोठं लिही म्हणून. पण मोठं लिहिलं असतं तर तुला जागा कुठून उरली असती?"

मग तिने हाताला लागलेली बोर्डावरची धूळ, लहानपणी फ्रॉकला पुसायची तशी, कुर्त्याला पुसली, आणि आम्ही बाहेर आलो. वाटेत मिसळ खाल्ली. पुण्याचं तिचं ठरलेलंच आहे, फॉर्मही भरलाय. जावेच्याच घरी राहणार आहे आणि त्या विचाराने अजूनही माझ्या पोटात दुखतं.

पण त्या संध्याकाळी मी जावेला फोन लावला. एरवी तीच बोलते. त्या दिवशी मी बोलले, सगळं सांगितलं, बाक, फळा, मुंग्या.

"ताई, आहात ना?"

"आहे गं," ती म्हणाली. "माझ्यासाठी असं कोणी काही केलं नाही बघ."

तिच्या आवाजातला हेवा मी लगेच ओळखला. तो इतकी वर्षं माझा होता. मी म्हटलं, "ताई, रेंज नीट नव्हती, तुम्हाला सगळं ऐकू आलं का?" आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.