आस्त्राखानचं टेबल

डॉक्टर सुप्रभा नाखवांना त्यांचं गाव विचाराल, तर दोन गावं ऐकायची तयारी ठेवा. पहिलं रेवदंडा, दुसरं आस्त्राखान. पहिलं नाव ऐकून माणसं मान डोलावतात, दुसऱ्याला कपाळावर आठ्या चढतात. मग सुप्रभाताई त्या आठ्यांकडे बघत आणखी सावकाश सांगतात, "आस्त्राखान. व्होल्गा नदीवरचं बंदर. रशिया." युद्ध सुरू होण्याआधी या नावाचं कुणाला काही वाटत नव्हतं, तेव्हा त्याही ते फारसं घेत नसत. लोकांना खुपायला लागल्यापासून मात्र न चुकता घेतात. बाई अशी आहे.

इंग्लंडात वॉटफर्डला आल्यापासून मी त्यांना ओळखते. इथल्या हॉस्पिटलात त्या भूल देतात. आमच्या मराठी मंडळात माणसांना झोपवण्याचं काम अध्यक्षांची भाषणं करतात, त्यामुळे ताईंना तिथे ड्यूटी नसते.

त्यांचे वडील रेवदंड्याचे कोळी, घरची होडी. पोरीची मेडिकलची सीट थोडक्यात हुकली आणि सोविएत स्कॉलरशिप मिळाली. कोळीवाड्यात आस्त्राखान कुणी ऐकलेलं नव्हतं. वडिलांनी एवढंच विचारलं, "तिकडं पाणी हाय ना?" पाणी होतं. व्होल्गा तिथे असंख्य धारांनी फुटून कॅस्पियन समुद्राला मिळते, आणि शहर वसलंय ते तिच्या बेटांवर. ताई एक्क्याण्णवच्या सप्टेंबरात पोचल्या. डिसेंबरात सोविएत युनियन बुडालं.

"मी ज्या देशात शिकायला गेले तो देश पहिल्याच हिवाळ्यात संपला," ताई सांगतात. "गाव होतं तिथेच होतं. झेंडा बदलला, नोटा बदलल्या, नदी गोठायची ती गोठली."

स्कॉलरशिपचे रुबल कवडीमोल झाले. दुकानांतल्या फळ्या रिकाम्या. बरोबरची काही मुलं परत गेली. ताई गेल्या नाहीत, कारण परत जाऊन काय करणार होत्या? वसंतात व्होल्गेत वोबला नावाचा मासा वर चढतो, आणि शहरातलं घर न् घर तो खारवून दोरीला वाळत घालतं. ताईंनीही हॉस्टेलच्या गॅलरीत माळ लावली. रखवालदारीण तामारा धावून आली आणि ओरडायला लागली. ताईंना वाटलं, वासावरून. तसं नव्हतं. ताईंनी मासे शेपटीला बांधले होते आणि तामाराच्या मते दोरी डोळ्यांतून ओवायची असते. कोळ्याच्या पोरीला मासा वाळवायला शिकवते म्हणजे काय! दोघी कडाकडा भांडल्या. शेवटी गॅलरीत दोन माळा लागल्या, एक रेवदंड्याची, एक आस्त्राखानची, आणि त्या दिवसापासून ताई तामाराच्या चुलीपाशी जेवायला लागल्या. उकडलेला बटाटा आणि वोबला. तामारा मासा शेपटीला धरून टेबलाच्या कडेवर दणादण आपटायची. तसा आपटला की त्याची कातडी सुटते. सहा वर्षं त्या बाईने ताईंना खायला घातलं आणि बदल्यात काही मागितलं नाही.

ही तामारा गेल्या हिवाळ्यात वारली. ताईंना जाता आलं नाही.

आमच्या मंडळात दर मे महिन्यात 'आपलं गाव' नावाचा कार्यक्रम असतो. शाळेचा हॉल घ्यायचा आणि जो तो आपल्या गावाचं टेबल मांडतो. सातारा, नागपूर, कोल्हापूर. कोल्हापूरवाले दर वर्षी शेजारच्या टेबलाची हद्द खातात. ताई आजवर रेवदंडा मांडायच्या. यंदा त्यांनी कळवलं, आस्त्राखान मांडणार.

दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष श्रीकांत त्यांच्या घरी हजर. मीही होते. श्रीकांत वाईट माणूस नाही. फक्त कुणी रागावेल या भीतीने तो कायम अर्धा वाकलेला असतो.

"डॉक्टर, पर्सनली मला काही इश्यू नाही," तो चिवड्याची बशी हातात घेऊन म्हणाला. "पण ऑप्टिक्स बघा ना. कौन्सिलमधून गेस्ट येणारेत. इन द करंट क्लायमेट रशियाचं टेबल म्हणजे… समजा कोणी युक्रेनियन आलं, तर दे विल बी सो हर्ट, यू नो?"

"समजा कशाला? विचारू या," ताई म्हणाल्या आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "ल्युदा!"

ल्युदा खेरसनची. तेही बंदरच, नीपर नदीवरचं. घर बॉम्बमध्ये गेलं, नवरा आघाडीवर. युद्धाच्या पहिल्या वर्षापासून ती ताईंच्या वरच्या खोलीत राहते. दोघी एकमेकींशी इंग्रजीत बोलतात. रशियन दोघींनाही येतं, पण ल्युदाला ते आता कानावर नको असतं आणि ताईंनी ते घरात बंद केलंय.

ताईंनी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग इंग्रजीतच म्हणाली, "मी तुझ्या टेबलाजवळ येणार नाही. मला ते बघवणार नाही. पण तू मांड. माणसाचं गाव कुणी पुसू नये. माझं पुसायला निघाले होते, मला माहीत आहे ते काय असतं." आणि चहाचा कप घेऊन ती वर निघून गेली.

श्रीकांतने चिवडा संपवला. आठवड्याभरात कमिटीचा मेसेज आला की यंदा टेबलं फक्त महाराष्ट्रातल्या गावांची. आणि हो, हॉस्पिटलातल्या सेवेबद्दल डॉक्टर सुप्रभा नाखवा यांचा जाहीर सत्कार. याला म्हणतात तोंडाला पानं पुसणं. आपल्या लोकांना माणूस गप्प करायची ही एकच युक्ती येते, शाल घालायची.

मी तणतणत ताईंकडे गेले. "मी कमिटीचा राजीनामा देते!"

"राजीनामा कसला देतेस, आसावरी? चहापोह्यांचं टेबल कुणाच्या ताब्यात आहे?"

"माझ्या."

"मग त्यातलं दोन फूट मला दे."

कार्यक्रमाच्या दिवशी पोह्यांच्या पातेल्यामागे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं आणि टॉवेलने झाकलेली एक तसबीर होती. कुणी विचारलं नाही. पोह्यांपाशी आलेला माणूस पोह्यांपलीकडे बघत नाही.

सत्कार झाला. शाल, श्रीफळ, पाकीट, आणि सेलोफेनमध्ये सुपरमार्केटचे लाल गुलाब. श्रीकांत माईकवर म्हणाला, "डॉक्टर, दोन शब्द." दोनच असावेत अशी त्याची इच्छा चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

ताईंनी गुलाबांचं सेलोफेन सोडलं आणि फुलं मोजली. मग म्हणाल्या, "श्रीकांत, या पाकिटात किती घातलेत?"

तो गोंधळला. "एक्कावन्न पाउंड, डॉक्टर."

"पन्नास का नाही?"

"असं कसं? वरचा एक शकुनाचा."

"बरोबर. पन्नासवर गोष्ट संपते, वरच्या एकाने ती पुढे चालू राहते. आस्त्राखानात हीच रीत फुलांना आहे. जिवंत माणसाला विषम फुलं द्यायची. सम फुलं फक्त मेलेल्यांसाठी. माझी तामारा गेली, तेव्हा मैत्रिणीला सांगून मी तिच्यावर दोन फुलं ठेववली. दोनच, मेलेल्यांची." त्यांनी गुच्छ वर धरला. "तुम्ही मला बारा दिलीत."

ताईंनी त्यातला एक गुलाब ओढून बाहेर काढला.

"मी मेलेले नाही. आणि माझं गावही मेलेलं नाही."

माईक हातात घेऊन त्या थेट पोह्यांच्या टेबलाशी आल्या. मी पातेलं सरकवलं. त्यांनी टॉवेल ओढला. तसबिरीत तामारा, डोक्याला रुमाल, मागे दोन माळा. पुडक्यातून त्यांनी वोबला काढला आणि शेपटीला धरून टेबलाच्या कडेवर आपटला. दण, दण, दण. कोल्हापूरवाले दचकून मागे सरले. आयुष्यात पहिल्यांदा.

"हे युद्ध ज्यांनी सुरू केलं त्यांना माझी आगरी-कोळी शिवी, ती मी इथे मुलांसमोर देत नाही," ताई म्हणाल्या. "पण नदीने बॉम्ब टाकलेला नाही. या बाईने टाकलेला नाही. चारशे वर्षांपूर्वी आस्त्राखानात हिंदुस्थानी व्यापारी राहत होते. मुलतानचे होते, मारवाडचे होते. स्वतःचं आवार, स्वतःचं देऊळ. काहींनी तातार बायकांशी संसार मांडले. तामारा मला ती जागा दाखवायला घेऊन गेली आणि म्हणाली, तू काही इथे पहिली नाहीस, तेव्हा रडू नकोस. त्याच्याही आधी व्होल्गाकाठचा एक व्यापारी आस्त्राखानजवळ लुटला गेला. तो घरी नाही परतला. पुढे निघाला आणि आमच्या रेवदंड्याशेजारी, चौलच्या बंदरात उतरला. व्होल्गेच्या मुखाशी उन्हाळ्यात कमळं फुलतात, मैलोन्‌मैल, आपल्या देवाला वाहतो तशीच. हे सगळं मी गिळून टाकू? मी खाल्ल्या मिठाला जागणारी आहे. आणि ते मीठ या माशाचं आहे. ज्याला खायचंय त्याने यावं, ज्याला बघवत नाही त्याने खुशाल तोंड फिरवावं. माझ्या घरातही एकजण फिरवते आणि तिचा तो हक्क आहे. टेबल मात्र हलणार नाही."

वास हॉलभर गेला. शुद्ध शाकाहारी श्रीकांत खिडक्या उघडत सुटला. कौन्सिलच्या पाहुण्या बाईंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि खूप वेळ चावत राहिल्या. रांग लागली असं मी म्हणणार नाही. सात-आठ जण आले, त्यातले तिघे रायगडचे. बाकीच्यांनी पोहे घेतले आणि लांब उभे राहिले. पण टेबल शेवटपर्यंत उभं होतं, आणि आवराआवर करताना ताईंनी तामाराची तसबीर सगळ्यांत शेवटी उचलली.

मी त्यांना गाडीने घरी सोडलं. दार ल्युदाने उघडलं. ताईंच्या एका हातात गुच्छ होता, दुसऱ्या हातात तो सुटा गुलाब.

"किती दिले होते?" ल्युदाने विचारलं.

"बारा."

ल्युदाने डोळे मिटले. ती रीत खेरसनलाही आहे. ताईंनी सुटा गुलाब तिच्यापुढे धरला. "माझ्याकडे अकरा आहेत. तुझा हा एक."

ल्युदाने तो लगेच घेतला नाही. माशाचा वास तिला आलाच असणार. मग तिने गुलाब घेतला आणि ताईंकडे न बघता म्हणाली, "पुढच्या वर्षी मी मांडणार. खेरसन. तुझ्या रांगेत नाही, समोरच्या भिंतीला. मधे अख्खा हॉल असला पाहिजे."

"मांड," ताई म्हणाल्या. "मी बघायला येईन."

"तू नको येऊस," ल्युदा म्हणाली. "पण मांडणार."

ताईंनी मान हलवली आणि माझ्याकडे वळल्या. "आसावरी, आता समोरच्या भिंतीला चहाचं वेगळं टेबल लागेल. श्रीकांतला आजच सांगून टाक."