ह्यांची कूस

मी मुळातच संशयी. आमचे हे म्हणायचे, "तू देवाच्या तीर्थातसुद्धा पाणी किती ते विचारशील."

ह्यांनी जन्मभर वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलल्या आणि आता पार्किन्सनमुळे ह्यांना स्वतःची कूस बदलता येईना. मी ओढायची, ढकलायची, कंबर धरून हिसका द्यायची, तेवढे हे जास्तच ताठ व्हायचे. आठ महिने पाठीवर, नजर पंख्याला. शेवटी दिवसा मदतीला जवळच्या सारसोळे गावातली एक बाई ठेवली. पंधरवड्यानं दुपारचा चहा घेऊन आत गेले, तर हे मस्त कुशीवर!

"कुणी वळवलं?"

"आपले आपन वळले," बाई म्हणाली.

आपले आपण! आणि रात्री माझ्या शेजारी नुसता ओंडका! नाटक नक्की कोण करतंय, हे का ती?

मग दारही लागायला लागलं. जेवणं झाली की ती आत जाऊन दार लोटून घ्यायची. मी कान लावला. आत पुटपुट चाललेली, तीही ह्यांची. माझ्याकडे पाणी मागताना ह्यांचा आवाज फुटत नाही! एकदा चादर बदलायला गेले तर ह्यांच्या कमरेच्या जागी लाल सॅटिनचं फडकं. मी साताऱ्याकडची. लाल फडकं, बंद दार आणि पुटपुट, एवढ्यावर आमच्या गावात लोक लिंबू शोधायला लागतात.

दुसऱ्या दिवशी दार ढकलून आत घुसलेच. "काय चाललंय गं? हे फडकं कसलं?"

ती दचकलीसुद्धा नाही. "पोरीच्या नाचाच्या ड्रेसचं उरलंय, आजी. कमरेखाली गुळगुळीत असलं की अंग सरकतं. तुमाला सांगनार होते, आजोबाच नको बोलले."

"का नको?"

हे पंख्याकडे बघतच हळू म्हणाले, "नीट जमलं की दाखवणार होतो. रात्री तुला उठवायला... लाज वाटते."

मी काहीतरी करायचं म्हणून सवयीनं ह्यांच्या कमरेला हात घातला.

"हात काढा, आजी," बाई म्हणाली. "गोनी ओढायची असते. मानूस नाय."

मी तिला बाहेर पाठवलं. ह्या खेपेला दार मी लावलं आणि ह्यांच्या शेजारी आडवी झाले, दोन्ही हात स्वतःच्या अंगाखाली दाबून.

ह्यांनी एक गुडघा वर घेतला. दुसरा अर्ध्यावर अडकला. माझे हात नुसते शिवशिवत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती पुटपुट सुरू झाली. "एक... दोन... उचल!" मार्केटात दोघं हमाल मिळून गोणी उचलताना द्यायचे ती हाक. दुसरा गुडघा आला. मान माझ्याकडे वळली, मागोमाग हात आला, गुडघे कलले आणि त्या लाल फडक्यावरून अख्खा माणूस माझ्याकडे वळला.

तोंडासमोर तोंड. हे बराच वेळ बघत राहिले.

"म्हातारी झालीस की गं."

"आठ महिने पंख्याकडे बघत बसल्यावर दुसरं काय होणार," मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना.