तेंदूपत्त्याची अक्षरं

ओल्या तेंदूपत्त्याचा वास आला की माझं डोकं आजही तडकतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी नागपुरात विडी वळणाऱ्या बायकांना दुपारी वस्तीतल्या बुद्धविहारात, सरकारी प्रौढशिक्षण वर्गात लिहायला-वाचायला शिकवायची. त्यांच्यात साठीची एक आजी होती. पाटीवर पेन्सिल टेकवली की तिची बोटं आखडायची. एकदा वैतागून तिने पिशवीतून विडीची पानं कापायची कात्री काढली आणि तेंदूपत्त्याच्या तुकड्यांतून सरसर अक्षरंच कापली. आठवडाभरात तिने स्वतःचं अख्खं नाव सतरंजीवर मांडलं. नेमके त्याच दिवशी वर्गाच्या तपासणीला सरकारी साहेब आले. "हा काय कचरा?" म्हणत त्यांनी बुटाने ते नाव उधळलं आणि वर्ग कसा घ्यायचा त्याच्या सरकारी पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे सगळ्या बायकांना उभं करून टाळ्या वाजवत चिऊ-काऊचं गाणं म्हणायला लावलं. आजी जागची हलली नाही. "साहेब, सहा लेकरं वाढवली मी. मले काहून नाचवून राहिले?" "ए म्हातारे, जमत नसेल तर घरी जा," साहेब ओरडले. ती वाकली, आपली अक्षरं एकेक करून वेचली, पदरात बांधली आणि निघाली. दारात थांबून तिने माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर ती कधीच आली नाही. साहेबांचा राग मला अजून येतो, पण त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो, कारण ती पाहत होती तेव्हा मी टाळ्या वाजवत होते.