उजव्या कानाच्या शेळ्या

मला माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने फसवलं. व्हिएतनाममध्ये इंग्रजी शिकवून वाचवलेला पैसा मी शेळ्या घ्यायला त्याच्याकडे पाठवत होतो.

आज पोरीने पाकिटातल्या नूडल्स उकळल्या आणि त्या वासाने हनोईची खोली आठवली. भाडं कमी पडावं म्हणून आम्ही तिघे शिक्षक तिथे राहायचो, आणि दोन्ही वेळा ह्याच नूडल्स खायचो. एका दुपारी दादाने आष्टीहून व्हिडिओ कॉल लावला.

"बघ बे, तुझ्या शेळ्या लई माजल्यात."

माझा घास हातातच राहिला. आमच्या घरच्या शेळ्यांचा डावा कान खुणेसाठी चिरलेला असतो. ह्यांचे उजवे कान चिरलेले होते.

"दादा, खूण उजवीकडं कावून?"

"मोबाईलात उलटं दिसतंय. तू पोरं शिकव, शेळ्या मी बघतो."

तेव्हा ते पटलं. परत आलो तर गोठा रिकामा. "रोगानं गेल्या," दादा म्हणाला.

आज वाफेकडे बघताना आठवलं, त्या शेळ्यांमागची दुकानाची पाटी मला सरळ वाचता येत होती.

दादा, त्या शेळ्या कुणाच्या होत्या आणि माझ्या पैशाचं काय केलंस, ते आता आईसमोर सांग.