ताईला एक गोळी, भाऊजींना दोन

एकटी वस्तू या जगात काही कामाची असते, हे आमच्या भाऊजींना ब्रह्मदेवानं खाली येऊन सांगितलं तरी पटायचं नाही. भाऊजी म्हणजे माझ्या नणंदेचे, आमच्या ताईचे, यजमान. मोताळ्यात औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून सगळी नोकरी काढली, त्यामुळे डॉक्टरांपेक्षा चार गोष्टी आपल्याला जास्तच कळतात, हा पक्का समज. दाराला कुलपं दोन. चहात आलं घातलं तरी गवती चहा पाहिजेच. एकदा मला कोथिंबीर आणायला पाठवलं आणि मागोमाग स्वतःही बाजारात हजर! वर म्हणतात कसे, “वहिनी, तुमच्यावर भरवसा हाये, पण जोडीले कोनी असलं म्हंजे काम पक्कं होते.”

आणि गंमत ऐका, आजारीही जोडीनंच पडले! आठवडी बाजारात त्यांनी आणि ताईनं बर्फ घातलेला उसाचा रस प्याला, अन् पंधरवड्यात दोघांना टायफॉईड. मी लोणारहून एसटीनं धावत आले. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे रिपोर्ट पाहून दोघांना एकच औषध लिहून दिलं. भाऊजी ताडकन उठून बसले. “एकच? मॅडम, आमच्या काउंटरवरून तं टायफॉईडले दोन-दोन अँटिबायोटिक जात होते!”

बाई हसल्या. “काका, दोन दिल्यानं ताप लवकर उतरतो का, हे मोठे डॉक्टर अजून तपासत आहेत. तुमच्या रक्तातल्या जंतूंवर हे एक लागू आहे. कोर्स पुरा करा आणि वरून काही घेऊ नका.”

झालं! घरी आल्यावर भाऊजींच्या अंगात तापापेक्षा उत्साह जास्त. “ते तपासून राह्यले, तं आपनही तपासू!” कॅलेंडरच्या मागच्या बाजूला रेघा मारल्या. इकडे ताई, एक गोळी. तिकडे स्वतः, दोन. ती दुसरी गोळी घरातल्या जुन्या डब्यातून काढलेली. मी ओरडले. ताई खाटेवरूनच म्हणाली, “माह्यावर नका करू काही. मले बाईनं एक सांगतली, मी एकच घेईन.”

दर चार तासांनी थर्मामीटर. खोटं कशाला सांगू, मीही त्या तक्त्यात रंगून गेले! दुसऱ्या दिवशी भाऊजींचा ताप जरासा उतरला, तर गादीवरून आरोळी, “पाहा वहिनी, पाहा!” तिसऱ्या दिवशी तो परत चढला, आणि पोट असं बिघडलं की भाऊजी गादीवर कमी, संडासात जास्त.

चौथ्या दिवशी ताईचा ताप एकशे तीनवर गेला. ती मलाच “आई, आई” म्हणून हाका मारू लागली. भाऊजी भिंत धरत आले, हातात ती दुसरी गोळी. “घे व, माह्यं ऐक. एकीनं होत नाही.”

मी त्यांचा हात धरला. “तुम्हाला लागू पडली का, भाऊजी?”

ते ताईच्या खाटेच्या काठावर बसले. “वहिनी, थे गेली तं मी काय करू?”

मी बाईंना फोन लावला. त्या आल्या, तपासलं, म्हणाल्या, “औषध बरोबर असलं तरी हा ताप उतरायला चार-पाच दिवस घेतो. पाणी पाजत राहा.” आणि जाताना भाऊजींच्या हातातली गोळी काढून आपल्या पर्समध्ये टाकली.

पाचव्या दिवशी दुपारी ताईला दरदरून घाम फुटला. अठ्ठ्याण्णव! मी तर लहान पोरीसारखी टाळ्या वाजवल्या. भाऊजींचा ताप उतरला सहाव्या दिवशी. “हरले ना!” ताई म्हणाली. त्यावर तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “दोन माणसांवरून काही ठरत नसतं, काका.” भाऊजींना हे वाक्य भलतंच आवडलं.

दोनेक महिन्यांनी मी पुन्हा गेले, तर भाऊजी ओट्यावर बसून ताईच्या केसांना तेल लावत होते. या तापानंतर केस फार झडतात. बोटं फिरवली की झुबकाच हातात येत होता.

“लय जाऊन राह्यले का हो?” ताईनं विचारलं.

“नाही व. चार-दोन.”

आणि हातातला गुंतवळ त्यांनी हळूच सदऱ्याच्या खिशात सारला. मी दारातच चपला काढत उभी होते, त्या काढायला जरा जास्तच वेळ लावला.