अंगठा उचलल्यावर

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. सत्तावीस वर्षं नर्स होते, कितीतरी माणसं डोळ्यांदेखत गेली, एकही परत आलं नाही. देवावर माझा विश्वास आहे, पण चमत्कार म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात... तरी हे लिहितेय, कारण ते माझ्या हाताखाली घडलं.

पंचावन्न सालच्या आसपासची गोष्ट. मी मूळची नगरची, ख्रिस्ती, तोंडाने फटकळ. कुंभकोणमला एका लहानशा मिशन दवाखान्यात नोकरीला होते. आमचे हे तमिळ, चोळपुरमच्या शाळेत मास्तर. तेव्हा तिकडे दारूबंदी होती, आणि मुनुस्वामी नावाचा एक जण चोरून दारू गाळायचा. ह्यांनी पोलिसांना भट्टी दाखवली. आठवड्याभरात मुनुस्वामीने भर रस्त्यात लोखंडी पहारीने ह्यांचं डोकं फोडलं. पहिल्याच घावाला हे पडले, तरी तो मारतच राहिला. मी प्रेत ओळखलं ते पायांवरून. कोर्टात एकही साक्षीदार उभा राहिला नाही. तो सुटला. त्यानंतर प्रभूची प्रार्थना म्हणताना क्षमेची ओळ आली की मी तोंड मिटून घेई.

वर्षभराने, कापणीच्या दिवसांत, दुपारी चार जणांनी बैलगाडीतून एकाला आणलं. इन्नंबूरच्या शेतात कोयत्यांनी मारामारी झाली होती. मांडी पार वरपर्यंत फाटली होती; करकचून बांधलेलं फडकं सुटलं तसं रक्त भिंतीवर उडायला लागलं. मी जांघेत अंगठा रोवला, धार थांबली. मग तोंड पाहिलं — मुनुस्वामी.

दवाखान्याच्या एकुलत्या डॉक्टर, डॉक्टरअम्मा, तिरुक्करुगावूरला कुणाच्या बाळंतपणासाठी गेल्या होत्या. आणणाऱ्यांना मी मिळेल त्या बसने त्यांच्याकडे पिटाळलं. उरलो मी आणि कंपाउंडर रावजी. रावजी तंजावरकडचे मराठी, वैष्णव, बोलणं जुन्या वळणाचं. आमची मराठी तिथे तिसऱ्याला कळत नसे.

"सिस्टरबाई, हा तोच की हो," ते हळूच म्हणाले.

"तोच. गरम पाणी आणा."

"पाणी कशास? हात काढू नका म्हणजे झालं."

"आणा म्हणते ना."

पाण्याची काडीचीही गरज नव्हती. मला खोलीत कोणी नको होतं.

मुनुस्वामीने मला ओळखलं. "अम्मा..." म्हणाला, पाणी मागितलं आणि त्याची शुद्ध हरपली. माझ्या डोळ्यांपुढे पहार वरखाली होत होती. दोन मिनिटं पुरली असती. अंगठा घसरला म्हटलं असतं, कोण विचारणार होतं? "मेल्या, जा आता," मी मराठीत म्हणाले आणि अंगठा उचलला. घसरला नाही. उचलला.

रक्त आलं नाही.

मी दोन्ही हात हवेत धरून उभी होते. जांघेतला खड्डा तसाच — अंगठ्याएवढा, खोल, कडेची कातडी पांढरी पडलेली. दाबून धरल्यावरच पडतो तसा. रावजी पाणी घेऊन आले. माझे हात पाहिले, मग खड्डा पाहिला. तपेलं हातातून सुटलं, पाय भाजले, तरी ते जागचे हलले नाहीत.

"सोड त्याला," मी ओरडले. "कोण असशील तो अस, सोड." नको नको त्या शिव्या दिल्या. खड्डा बुजला नाही.

मग तो खड्डाच थरथरायला लागला. बराच वेळ दाबून धरल्यावर माझा अंगठा थरथरतो, अगदी तसा. रक्ताचा एक थेंब वर आला... मग दुसरा. जे कोणी होतं ते दमत होतं, आणि दमूनही सोडत नव्हतं. मला रडूच कोसळलं.

"सरा," मी म्हणाले. "मी धरते." आणि त्या खड्ड्यात अंगठा ठेवला. तिथे ऊब होती.

दोन-अडीच तासांनी डॉक्टरअम्मा मोटारीने आल्या. तोवर मी हात हलवला नाही. मुनुस्वामी वाचला, लंगडत घरी गेला.

पुढे कधीतरी मी डॉक्टरअम्मांना 'समजा असं झालं तर' म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, शीर कधीकधी आपोआप आखडते. आखडत असेल. पण खड्ड्याचं काय, ते मला आजतागायत कळलेलं नाही. रावजी एवढंच म्हणत, "पाहिलं ते पाहिलं." बाहेर त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही.

प्रार्थनासभेत अजून कोणी ना कोणी माझा दाखला देतं — नवऱ्याच्या खुन्याला वाचवणारी बाई. मी मान खाली घालून बसते. अंगठा मी उचलला होता, हे रावजी गेल्यापासून फक्त मला ठाऊक होतं. आता तुम्हालाही आहे.